हौसाक्काची परात

हौसाक्कानं माझ्या पिशवीचं तोंड सोडलं, थोडी भुकटी तळहातावर घेतली, उन्हात धरून अंगठ्यानं पसरली आणि पिशवी माझ्याकडे परत सरकवली.

"ह्यात सोनं न्हाई."

"माहीत आहे."

"चांदीबी न्हाई."

"तेही माहीत आहे."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कापलेले केस, खांद्याला शबनम, पायात पुरुषी बूट. "मग धुऊन काडायचं काय?"

"तुम्ही सोनं काढून घेतल्यावर परातीच्या तळाशी काळी वाळू उरते ना? तिच्यात बारीक गुलाबी-पांढरे, चकचकीत कण असतात. ते."

"ते आमी टाकतो," ती म्हणाली. मग जरा थांबून, "टाकतो म्हंजी टाकतोच."

"मला तेच हवंय."

हौसाक्का हसायला लागली. हसता हसता तिनं आत सुनेला हाक मारली. "अगं शेवंते, ऐकलंस का? गुजरीतली मानसं ठेवत्यात ते बाईंस्नी नगं, आन टाकत्यात ते पायजे! कुटल्या गावच्या म्हनायच्या तुमी?"

"इथलीच. महाद्वार रोडची."

"मग तर झालंच," ती म्हणाली आणि पिशवी पुन्हा स्वतःकडे ओढली.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. मी एकतीस वर्षांची होते, पीएच.डी.चं सहावं वर्ष चालू होतं, आणि भूशास्त्रात आपल्याइतकं शहाणं कोल्हापुरात तरी कोणी नाही असं माझं प्रामाणिक मत होतं. आई म्हणायची, हिला दगडांशी बोलता येतं, माणसांशी येत नाही. आईचं तसं चुकत नसे.

माझं सगळं काम झिरकॉनवर होतं. झिरकॉन म्हणजे खडकातला एक चिवट कण, साखरेच्या दाण्याहून कितीतरी लहान. डोंगर झिजून जातो, पण हा झिजत नाही. नदी त्याला वाळूत नेऊन टाकते, त्या वाळूचा पुन्हा खडक होतो, आणि हा पठ्ठ्या आत आपला जसाच्या तसा. त्याच्या पोटात थोडं युरेनियम असतं. ठरलेल्या वेगानं त्याचं शिसं होत राहतं. दोन्ही मोजली की कण कधी जन्मला ते कळतं. जन्माचा दाखला पोटात घालूनच तो हिंडत असतो म्हणा ना.

मादागास्कर बेट एके काळी आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटून होतं, हे सगळ्यांना मान्य होतं. भांडण होतं ते त्याचा कुठला तुकडा आपल्या कुठल्या तुकड्याला लागून होता याचं. चंदगडच्या बाजूच्या एका वाळूखडकात मला तीनशे कोटी वर्षं वयाच्या झिरकॉनचा एक गट सापडला होता. तसलेच कण तिकडच्या ठरावीक खडकात निघाले असते, तर इकडच्या डोंगरांची वाळू तिकडे वाहत गेली होती, मधे समुद्र नव्हता, असं म्हणता आलं असतं. तिकडचा खडक मिळाला होता. माझे गाइड केळुसकर सर यांच्या एका फ्रेंच मित्रानं दोन किलोची पिशवी पाठवली होती, आणि पाठवून दोन महिन्यांत तो म्हातारा वारला. त्यामुळे आणखी मिळण्याची आशा नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगशाळेनं आमचे कण मोजून द्यायला तारीख दिली होती. आणि त्याच मुहूर्तावर झिरकॉनसारखे जड कण पाण्यानं वेगळे करणारं आमच्या विभागातलं टेबल मोडलं. दुरुस्तीला माणूस येणार कलकत्त्याहून, तोही दिवाळीनंतर.

तेव्हा मला सोनारांच्या पेठेतल्या, गुजरीतल्या त्या बाया आठवल्या. लहानपणी शाळेत जाताना रोज दिसायच्या. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ, गटारातला गाळ झाडून गोळा करायच्या आणि धुऊन त्यातून सोन्याचा कण काढायच्या. झारेकरी म्हणतात त्यांना. हलकं वाहू द्यायचं, जड राखायचं, एवढीच ती विद्या. आमचं टेबलही तेच करायचं. मी दोन्ही खडक खलबत्त्यात कुटले, चाळले, दोन पिशव्यांत भरले आणि शुक्रवार पेठेत हौसाक्काचं परडं शोधून काढलं. गुजरीत ज्याला विचारावं तो तिचंच नाव सांगत होता.

"आदी वानगी," हौसाक्का म्हणाली. "रुमाल द्या तुमचा."

मी दिला. तिनं तो मधोमध टरकावला. मी काही म्हणायच्या आत दोन्ही पिशव्यांतली चार-चार मुठी भुकटी दोन फडक्यांत पडली होती.

"अहो, हे काय? आधीच माल कमी आहे!"

"न धुता ठेवायची असती. उद्या तुमी म्हनला, हौसानं माजं सोनं खाल्लं, तर? चार मानसांम्होरं ही गाठ सोडून धुऊन दावायची."

"ह्यात सोनं नाही हो!"

"रीत हाय. गाठ तुमीच मारा. माज्या हातची चालत न्हाई."

मी रागारागानं दोन्ही गाठी मारल्या. दुसरीत मादागास्करच्या चार मुठी अडकल्या म्हणून माझा जीव भयंकर जळत होता. हौसाक्कानं दोन्ही गाठोडी आढ्याच्या खिळ्याला टांगली. तिथं आधीच वीस-पंचवीस गाठोडी लोंबत होती.

परात फणसाच्या लाकडाची होती, उथळ, मधे जरा खोलगट, सासूच्या सासूपासून चालत आलेली. पहिल्या दिवशी चंदगडचा खडक धुऊन झाला. दुसऱ्या दिवशी मादागास्करचा. मधे परात स्वच्छ व्हायला हवी, कालचा एकही कण आजच्यात जाता कामा नये, हे मी तिला तीन वेळा बजावलं. ती तिन्ही वेळा "व्हय" म्हणाली आणि नारळाच्या शेंडीनं परात खसाखसा घासली. एकाच हातानं. डावी मूठ घट्ट मिटलेली होती. मला वाटलं, वातानं बोटं आखडली असतील बिचारीची. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. परात आरशासारखी झाली. मग ती कोनाड्यातल्या देवाकडे तोंड करून उभी राहिली, परात कपाळाला लावली, काहीतरी पुटपुटली. कुणाच्या श्रद्धेत आपण नाक खुपसू नये असं मला वाटायचं. मी शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं.

आणि मग ती हौदाशी बसली. तिचे हात मी आजही विसरलेले नाही. दोन्ही हातांनी परात पाण्याला जेमतेम टेकवायची, मनगटातून एक हिसका, एक फेर, की वरची पांढरी भुकटी लाटेबरोबर आपणहून निघून जायची. ती पाण्याकडे बघतही नव्हती. शेवंताशी जोंधळ्याच्या भावाबद्दल बोलत होती. दोन तासांनी परातीत नखाएवढी कोर उरली, आत काळी, कडेला फिकट गुलाबी. मी भिंग काढून पाहिलं. आमच्या टेबलानं सहा वर्षांत इतकं निवळ काही मला दिलं नव्हतं.

"तुम्ही कुठं शिकलात हे?"

"सासूच्या शिव्या खाऊन," हौसाक्का म्हणाली.

मेच्या अखेरीला ऑस्ट्रेलियाहून फॅक्स आला. मादागास्करच्या पिशवीतले साठ कण मोजले होते. त्यांतले तेवीस थेट चंदगडच्या त्या जुन्या गटाचे. तेवीस! मी कागद घेऊन केळुसकर सरांच्या खोलीत धावत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खुर्चीतून उठून नाचायच्या बेतात पाहिलं. पंधरा दिवसांनी बंगलोरला परिषद होती, तिथं मी हे मांडायचं ठरलं. सरांनी विभागात पेढे वाटले. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या रात्रीच माझ्या डोक्यात लिहून झालं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा किलो पेढे आणि एक इरकली लुगडं घेऊन शुक्रवार पेठेत गेले.

हौसाक्कानं लुगड्यावरून हात फिरवला, पेढ्याचा पुडा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "काय निगालं त्यात येवडं?"

मी सांगितलं. मला सांगायचंच होतं. कण किती जुने, त्यांच्या पोटातला जन्माचा दाखला कसा वाचतात, समुद्रापलीकडचं ते बेट आपल्याला कसं चिकटलं होतं. "त्या खडकात आणि आपल्या चंदगडच्या खडकात अगदी एकसारखे कण निघाले. साठातले तेवीस."

"आदल्या दिशी धुतला त्यो चंदगडचा?"

"हो."

"आन दुसऱ्या दिशी ह्यो."

"हो."

तिनं पुडा उघडला नाही. बराच वेळ त्याच्या सुतळीकडे पाहत बसली. मग तो माझ्यापुढे ठेवला.

"प्येढं परत न्या, बाई."

"का? काय झालं?"

"त्ये तेवीस तिकडचं न्हवंत. माज्या हातचं हायत."

ती उठली, कोनाड्यातली परात खाली घेतली आणि मला दाखवली. कोरड्या परातीच्या मधल्या खोलगट जागेत चिमूटभर काळी वाळू होती.

"परात रिकामी पान्यात घालायची न्हाई. आमच्यात चालत न्हाई. रिकामी परात रिकामीच ऱ्हाती म्हंत्यात. आदल्या धुन्यातली तळाची चिमूट फुडच्यात टाकायची. घासताना मुठीत धरायची, घासून झालं की परत ठेवायची. माज्या सासूनं केलं, तिच्या सासूनं केलं."

मला ती मिटलेली डावी मूठ आठवली. आणि मागाहून परात फिरवणारे तेच दोन्ही हात. वात कुठला? मी एवढी डोळस शास्त्रज्ञ, आणि ऐन वेळेला सभ्यपणानं मान वळवून उभी होते.

"मी तीनदा सांगितलं होतं तुम्हाला!" मी ओरडले. "तीनदा! आदल्या दिवसाचा कणही जायला नको म्हणून!"

"परात घासा म्हनला. घासली."

"चिमटीत हजारो कण असतात, हौसाक्का! कळतंय का काय केलंत? दोन किलो माल होता, आता जगात कुठं मिळायचा नाही तो. सहा वर्षं गेली माझी!"

शेवंता दारात येऊन उभी राहिली. हौसाक्का सगळं ऐकून घेत होती, मान खाली घालून, मोठ्या माणसानं लहानाचं ऐकावं तसं नव्हे, खरोखर अपराध्यासारखं. मग हळूच म्हणाली, "गुजरीत बोलू नगा येवडं. एकाची चिमूट दुसऱ्यात जाती म्हटल्यावर धुनं कोन द्यायचं न्हाई मला."

मी तशीच निघून आले. पेढे तिथंच राहिले.

खरं सांगते, शुक्रवार पेठेतून महाद्वार रोडला येईपर्यंत मी तीन वेळा ठरवलं की काही झालंच नाही. हे कोणाला माहीत होतं? मला आणि एका निरक्षर बाईला. ती तर बोलायची नाहीच, तिचंही पोट होतं त्यात. बंगलोरला टाळ्या पडल्या असत्या, पदवी मिळाली असती. मग माझ्या डोक्यात आलं की तिनं गप्प बसायचं ठरवलं असतं, तर मला जन्मात कळलं नसतं. लुगडं घेतलं असतं, पेढा खाल्ला असता, संपलं. एवढा धंदा पणाला लावून ती बोलली, आणि मी तिच्यावर ओरडून आले. मला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्यापूर्वी कधी वाटली नव्हती.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी सरांना फोन केला.

"चिमूटभरच ना?" सगळं ऐकल्यावर सर म्हणाले.

"चिमटीत हजारो मावतात, सर."

बूथमधल्या यंत्रावर लाल आकडे पळत होते.

"मी डीनना पेढा दिलाय गं, वृंदा," ते शेवटी म्हणाले. मग म्हणाले, "बंगलोरला मी कळवतो. तू त्या बाईंकडे जा आणि माफी माग."

सकाळी गेले तेव्हा हौसाक्का परड्यात दगडावर बसली होती. मांडीवर माझ्या फाटक्या रुमालाचं गाठोडं होतं.

"काल थांबला न्हाई तुमी," ती म्हणाली. "गाठ बगा. तुमच्याच हातची हाय न्हवं?"

मी खाली बसले. गाठ माझीच होती, रागानं मारलेली, दोन पदरी. त्यात मादागास्करच्या चार मुठी, न धुतलेल्या, कशातही न मिसळलेल्या. तीन महिन्यांपूर्वी याच चार मुठींसाठी मी तिच्याशी भांडले होते. मी माफी मागायला आले होते, आणि ते गाठोडंच दोन्ही हातांत धरून बसले.

"आज रिकाम्या परातीत धुतो," हौसाक्का म्हणाली.

शेवंता ताडकन पुढे आली. "आत्या, नगासा करू! घरात काय वाईट-वंगाळ झालं म्हंजी?"

"हौसाक्का, नको," मीही म्हणाले. "दुसरी परात आणू. स्टीलची आणते मी."

"स्टीलवर तुमचं दानं थांबायचं न्हाईत, घसरून जात्यात. हीच पायजे." ती सुनेकडे वळली. "चिमूट भुईला लागली तरच परात रिकामी. बाई धरतील मुठीत."

"मग मी वाटीत ठेवते," मी म्हटलं.

"वाटीत ठेवली की वाटीची झाली. मानसाच्या मुठीतच ऱ्हाती ती. मला आज दोनी हात लागनार. उजवा हात फुडं करा."

तिनं परातीतली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. मग रिकामी परात दोन्ही हातांनी घासून घेतली.

दीड तास. तेवढा वेळ मी मूठ मिटून तिच्या शेजारी उभी होते. ऊन डोक्यावर आलं, घाम मनगटावरून ओघळायला लागला, नाकावर माशी बसली. डाव्या हातानं चहा घेतला, अर्धा अंगावर सांडला. बोटांना गोळे आले. चिमूटभर वाळूला वजन ते काय असणार, पण माझा खांदा भरून आला. रीतीभातीवर हसणारी मी, बोटांच्या फटीतून एक कण निसटेल या भीतीनं श्वाससुद्धा जपून घेत होते. खाली हौसाक्का धूत होती. आज ती कुणाशी बोलत नव्हती. आज ती पाण्याकडे बघत होती.

शेवटी परातीत एक रेघ उरली, शाईच्या टाकानं ओढल्यासारखी. तिनं ती कागदावर उतरवून दिली, पुडी बांधली, आणि परात पुन्हा मांडीवर घेतली.

"आता सोडा. हात झाडू नगा."

मूठ उघडेना. तिनंच एकेक बोट सरळ केलं. निम्मी वाळू घामानं तळहाताच्या रेषांत चिकटली होती. तिनं ओंजळभर पाणी घेऊन थेंबाथेंबानं माझा हात परातीवर धुतला, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, सगळं. अखेरचा एक कण अंगठ्याच्या बुडाशी राहिला होता. तो तिनं ओल्या करंगळीनं उचलून परातीत टेकवला.

"समदं आलं," ती शेवंताला म्हणाली.

त्या पुडीत मोजण्याजोगे एकतीस कण निघाले. प्रयोगशाळेनं सरांच्या भिडेखातर अर्धा दिवस दिला. निकाल ऑगस्टमध्ये आला, आणि मी पुन्हा पेढे घेऊन गेले. या खेपेला पाव किलो.

"किती निगालं?" मला दारात बघताच तिनं विचारलं.

"एकतीसातले चार."

"आदी तेवीस हुतं."

"हो."

तिनं बोटांवर हिशेब केला. "म्हंजी एकोनीस माजं."

"तसंच काहीसं."

"आन चार?"

"ते खरे. त्या खडकाचेच." मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. "चार कणांवर कुणी खटला जिंकत नाही, हौसाक्का. लोक भांडतील माझ्याशी. प्रबंधही वर्षभर लांबला. पण तिकडचा तो खडक ज्या वाळूपासून झाला, तिच्यात आपल्या बाजूच्या, त्याच्याहून कितीतरी जुन्या डोंगरांचे हे चार कण पडले होते. मग ते डोंगर गेले. नदी गेली. जमीन तुटून समुद्रापार गेली. पण कण राहिलेच त्याच्यात."

हौसाक्काची नजर कोनाड्यातल्या परातीवर होती.

"म्हंजी त्येनंबी परात रिकामी केली न्हाई," ती म्हणाली.

पुढं वर्षभरानं मी प्रबंध लिहिला, मग बरेच निबंध, आणि पंचवीस वर्षं मुलांना झिरकॉन शिकवला. याहून सोपं करून मला कधी सांगता आलं नाही. त्या दिवशी मात्र मी पुडा उघडून तिच्यापुढे धरला. तिनं एक पेढा उचलला, अर्धा मोडून शेवंतासाठी बाजूला ठेवला, आणि उरलेला खाल्ला.